पेन, पेण आणि पेनस्टॉक

‘न्यूमॅटिक’ हा शब्द डिक्शनरीत नाहीच, अशी तक्रार घेऊन खोपोलीच्या एका कारखान्यातला फिटर माझ्याकडे आला. डिक्शनरी हातात होती आणि ‘एन’ची पानं चाळून चाळून मळली होती. शब्द त्याच्या चांगला ओळखीचा. न्यूमॅटिक ग्राइंडर, न्यूमॅटिक सिलिंडर, न्यूमॅटिक लाइन. शिफ्ट सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत तोंडात तोच. फक्त कागदावर तो ‘पी’नं सुरू होतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? कारखान्यात शब्द कानानं शिकतात. स्पेलिंगशी गाठ पडते ती प्रमोशनच्या परीक्षेत, नाहीतर मशीनबरोबर आलेल्या जाडजूड मॅन्युअलमध्ये.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. शाळा कर्जत तालुक्यात, घर खोपोलीत, म्हणजे खालापूर तालुक्यात. रोजचा प्रवास खोपोली-कर्जत लोकलनं. रविवारी सकाळी घरीच एक वर्ग चालायचा. आयटीआय केलेली मुलं, कंत्राटी कामगार, इंग्रजीत रिपोर्ट लिहिताना घाम फुटणारे सुपरवायझर, शिवाय बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षा देणारी पोरं. फी कुणी पैशात द्यायचं, कुणी पहिल्या पावसात शेवळं आणायचं, पुढे कंटोळी. शेवळं साफ करायला जो वेळ जातो त्या मानानं इंग्रजी शिकवणं सोपं.

त्या फिटरमुळे आमची एक वही सुरू झाली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर शब्दाची सुरुवातीची दोन-तीन अक्षरं आणि खाली त्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द. अट एकच: शब्द पुस्तकातून उचलायचा नाही. कामावर ऐकलेला, टाकीवर रंगवलेला, औषधाच्या खोक्यावर छापलेला, टोलनाक्यावर वाचलेला असाच हवा.

‘पी-एन’च्या पानावर दोनच शब्द जमले, न्यूमॅटिक आणि न्यूमोनिया. दोन्ही ग्रीक. ‘प्न्यूमा’ म्हणजे वारा, श्वास. एक हवेवर चालणारं यंत्र, दुसरा श्वास अडवणारा आजार. ग्रीक माणूस तो ‘प’ उच्चारायचा, इंग्रजानं तोंडातून काढला आणि कागदावर ठेवला. ‘पी-एस’च्या पानावर एका औषध कारखान्यातल्या एसी विभागातल्या मुलानं ‘सायक्रोमीटर’ आणला, तर बाकीच्यांनी हे वेड मोजायचं यंत्र असणार असा निकाल देऊन टाकला. सायको माहीत, म्हणून सायक्रोही त्याच घरातलं. पण ‘सायक्रोस’ म्हणजे थंड. दोन तापमापक, एकाच्या टोकाला ओलं कापड; ओला कोरड्यापेक्षा किती खाली उतरला यावरून हवेतला दमटपणा काढायचा. जुलैत आमच्याकडे तो मुळी उतरतच नाही, असं त्या मुलानं सांगितलं. बरोबरच आहे. हवाच पाण्यानं भरलेली, तर कापडातलं पाणी सुकून जाणार कुठे?

‘के-एन’चं पान मात्र भरून वाहिलं. पाठ्यपुस्तकातल्या या पानावर नाइफ, नी, नाइट असे शब्द असतात. त्यातला चिलखतवाला नाइट आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही, गेली कित्येक वर्षं तो उगाच पाठ करून घेतला जातो. रविवारच्या वर्गातला एक टर्नर म्हणाला, “मॅडम, नर्लिंग लिहा.” लेथवर दांडीच्या अंगावर आडव्या-उभ्या रेघांची खरखरीत नक्षी उठवतात, पकड यावी म्हणून, ते नर्लिंग. मग नकल जॉइंट आला, नॉब आला, इंजिनाचं नॉकिंग आलं. माझ्या ओळखीतल्या, मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेल्या किती जणांना मी त्यानंतर नर्लिंग विचारलं असेल. एकालाही ठाऊक नव्हतं. अनोखा शब्द, अवघड शब्द असं आपण म्हणतो तेव्हा तो कुणाला अनोखा, हे विचारत नाही. परीक्षा घेणाऱ्याच्या घरात जो वापरात नाही तो अवघड, एवढाच त्याचा अर्थ. कारागिराच्या तोंडात रोज घोळणारा शब्द यादीत येतच नाही आणि आला तरी तो त्याला आपला वाटत नाही, कारण स्पेलिंग पाहून ओळखच पटत नाही.

या ‘के’चं काय झालं हे सांगताना मला स्वतःला फार मजा यायची. सुमारे सतराव्या शतकापर्यंत इंग्रज हा ‘के’ उच्चारत होते. जर्मन लोक गुडघ्याला अजून ‘क्नी’च म्हणतात. आणि त्या ‘क्नी’चा लांबचा भाऊ आपल्याकडे आहे: जानु. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो आजानुबाहू. इंग्रजी ‘नो’ म्हणजे जाणणे, त्यातला मुका ‘के-एन’ आणि आपला ‘ज्ञ’ हेसुद्धा एकाच मुळाचे. ज्ञान, ग्रीकमधून आलेलं डायग्नोसिस आणि हा ‘नो’ एकाच खोडाच्या फांद्या. यावर तोच टर्नर म्हणाला, “म्हणजे आपण तरी कुठे ज आणि ञ बोलतो? लिहितो ज्ञ, बोलतो द्न्य.” हिंदीवाले ‘ग्य’ म्हणतात, तेही त्यानंच सांगितलं, त्याचा लाइनवरचा जोडीदार उत्तर प्रदेशचा होता. त्या दिवसापासून इंग्रजी स्पेलिंग म्हणजे गोऱ्यांचा वेडेपणा, ही वर्गातली तक्रार बंद झाली.

खरी करामत केली ‘पेन’नं. खोपोलीत राहणाऱ्याला पेनस्टॉक रोज दिसतो. लोणावळा, वळवण, शिरवटा या घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठमोठ्या नळांमधून डोंगर उतरून टाटांच्या वीजघरात येतं आणि टर्बाइन फिरवून पाताळगंगेत जातं. हे वीजघर १९१५ सालचं. कर्जतच्या बाजूला भिवपुरीला दुसरं, ते १९२२ सालचं. गावात कुणी पेनस्टॉक म्हणत नाही, ‘टाटाचे पाइप’ म्हणतात. तिथल्या कंत्राटदाराकडे रंगकामाला गेलेल्या एका मुलानं गेटपासवर हा शब्द वाचला आणि वहीत आणला. वर्गानं लगेच अर्थ लावला: पेनसारखा लांब, म्हणून पेनस्टॉक. दुसरा म्हणाला, पेणला जाणारा साठा. पेण आमचा शेजारचा तालुका, गणपतींचं गाव. विनोद हाताशीच होता.

पेन म्हणजे लेखणी, लॅटिन ‘पेन्ना’ म्हणजे पीस, कारण पूर्वी पिसानं लिहीत. पण पेनस्टॉकमधला पेन वेगळा. मेंढ्यांच्या वाड्यालाही इंग्रजीत पेन म्हणतात, तो हा, कोंडून धरणारा. पाणी कोंडायचं आणि हवं तेव्हा सोडायचं. पेन्सिल पाहावी तर ती पेनची बहीणही नाही. तिचं मूळ ‘पेनिसिलस’, म्हणजे छोटा कुंचला, त्याच्याही मुळाशी शेपटी. आणि त्याच कुंचल्यावरून पेनिसिलिन! १९२८ साली फ्लेमिंगना जी बुरशी सापडली तिचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखे दिसतात. घाट चढून गेलं की पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली ती या औषधासाठी. तेव्हा दप्तरातली पेन्सिल पेनपेक्षा इंजेक्शनला जवळची.

इतक्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण पानावर आणखी शब्द येत राहिले. खालापूरच्या तहसील कचेरीत कुणाचा दाखला ‘पेंडिंग’ होता. लॅटिनमध्ये लटकण्याला जे क्रियापद आहे, त्यातून पेंडिंग, त्यातूनच लंबकाचा पेंड्युलम. “काम लटकलंय” असं आपण म्हणतो तेव्हा शब्दशः तेच म्हणतो. तराजू लटकवूनच वजन करत, वजन करून पैसे देत. त्या देण्यावरून पेन्शन. म्हणजे पेन्शन आणि पेंडिंग सख्खी भावंडं. हे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, तर १ नोव्हेंबर २००५ नंतर, म्हणजे जुनी पेन्शन बंद झाल्यावर, नोकरीला लागलेले आमचे तरुण शिक्षक म्हणाले की हे सांगायला लॅटिन कशाला हवं. आणि लाइटबिल उशिरा भरलं की लागते ती पेनल्टी? तिचं घर आणखी निराळं. ती ‘पीना’ म्हणजे शिक्षा, या लॅटिन शब्दाची लेक.

आमच्या दोन तालुक्यांत पाटील गावोगाव आहेत. आगरी पाटील आहेत, मराठा पाटील आहेत, आणखीही आहेत, आणि नुसत्या आडनावावरून कुणी कुणाच्या भावकीत पत्रिका देत नाही. आधी विचारतात, कुठले? ‘पेन’च्या पानावर आम्ही हाच प्रश्न मार्जिनमध्ये लिहून टाकला. शब्द आला की बाजूला ‘कुठला?’ आणि पुढे उत्तर: पिसाचा, कोंडायचा, कुंचल्याचा, लटकणारा, शिक्षेचा.

सहावं घर मिळालं ते भूगोलानं. पेनिन्सुला. आठवीतल्या मुलांना भारतीय द्वीपकल्प शिकवून झालेलं असतं, पण द्वीपकल्प म्हणजे काय, हे विचारलं की तीन बाजूंनी पाणी, एवढंच येतं. ‘कल्प’ म्हणजे जवळजवळ तसं. द्वीप नव्हे, पण द्वीपासारखं. आणि लॅटिन ‘पीने’ म्हणजेही जवळजवळ, ‘इन्सुला’ म्हणजे बेट. ज्या कुणी मराठीत हा शब्द रुळवला त्यानं इंग्रजी शब्द फोडून, आतला गर काढून, संस्कृतात पुन्हा बसवला. ग्रहणाच्या धड्यातली उपच्छाया म्हणजे पेनम्ब्रा, तिथेही तेच ‘जवळजवळ’. शेवटाच्या आधीचं ते पेनल्टिमेट, आपलं उपांत्य. हा शब्द परीक्षांच्या याद्यांमध्ये हमखास असतो आणि हमखास चुकतो; पोरं त्याला ‘अगदी शेवटचा’ समजतात. मी स्टेशनं म्हणायला लावली. कर्जत, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. पेनल्टिमेट कोण? लौजी. पुन्हा कुणाचा चुकला नाही.

परीक्षा देणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना अर्थात रस नसतो, मार्कांत असतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कर्जतहून सीएसएमटी शंभर किलोमीटर, लोकलनं दोनेक तास. तेवढ्या वेळात झेरॉक्स केलेली शब्दांची यादी पाठ करायची. यादी ‘ए’पासून सुरू होते आणि बहुतेकांची ‘सी’च्या पुढे जात नाही. त्यामुळे कर्जतच्या कुठल्याही उमेदवाराला ‘ए-बी’चे शब्द भरपूर माहीत असतात आणि सगळे एकमेकांत गुंतलेले असतात. दहिवलीचा एक मुलगा ॲबडिकेटच्या जागी ॲबस्टेन आणि ॲबस्कॉण्डच्या जागी ॲबडक्ट लिहायचा, इतक्या सातत्यानं की त्यालाही एक नियम असावा असं वाटे.

असं का होतं, याचं उत्तर १९६६ सालच्या एका प्रयोगात सापडतं. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द विचारला. शब्द जिभेवर आहे पण येत नाही, अशा अवस्थेत जे अडकले त्यांना निम्म्याहून अधिक वेळा पहिलं अक्षर बरोबर सांगता आलं. आख्खा शब्द निसटतो, तोंड हाती राहतं. मग एकाच तोंडाचे वीस शब्द एका बसण्यात पाठ केले तर त्यातला कुठला हाती येणार? नॉर्मन लुईसचं १९४९ सालचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ रस्त्यावरच्या पुस्तकवाल्यांकडे अजून खपतं, ते शब्दांना एबीसीडीच्या रांगेत न लावता मुळांप्रमाणे लावतं म्हणून, असं माझं मत. पण ते विकत घेणारे जितके, तितके वाचणारे नाहीत.

दहिवलीच्या मुलाला मी म्हटलं, ‘ॲब’ म्हणजे आपला ‘अप’. खरोखरच लॅटिन ‘ॲब’ आणि संस्कृत ‘अप’ हे नातेवाईक आहेत, दोन्हींचा अर्थ दूर. ॲबडक्ट, दूर नेणं: अपहरण. तुकड्याला तुकडा जुळतो. ॲबस्कॉण्ड, दूर जाऊन लपणं, पेपरातला फरार आरोपी. ॲबस्टेन, स्वतःला दूर धरणं, ग्रामपंचायतीत मतदानाच्या वेळी बाहेर चहा प्यायला जाणारा सदस्य. ॲबडिकेट, गादी सोडून दूर होणं. मग त्यानं यादीतले दोन ‘अबेट’ काढले. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. एक पाऊस ओसरणं, दुसरा गुन्ह्याला साथ देणं. या दोघांत ‘दूर’ कुठे आहे? नाहीच. ते फ्रेंचमधून आलेले, त्यांचा ‘ए’ वेगळा आणि ‘बी’ पुढच्या शब्दाचा. गंमत अशी की कायद्याच्या मराठीत दुसऱ्याला अपप्रेरणा म्हणतात. भाषांतरकारानं ‘अप’ घातला तो वाईट या अर्थानं. ते पाहून पोरगं म्हणालं, “बघा मॅडम, तरी अप आलाच.” यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. लक्षात राहिलं, पुरे.

बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना मी कर्जत स्टेशनवरचाच एक शब्द विचारायचे: बँकर. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढायला मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडतात, ते बँकर. घाटाचा चढ सदतीसास एक, एकट्या इंजिनाला झेपत नाही. रेल्वेच्या इंग्रजीत बँक म्हणजे चढ, त्यावर जोर लावणारा तो बँकर. पैशांची बँक इटलीतल्या सराफाच्या बाकावरून आली. फार मागे गेलं तर दोन्ही एकाच जुन्या जर्मानिक घरातून निघालेत, पण फलाटावर गाडी थांबलेली असताना एवढं मागे जायला वेळ नसतो. तेवढ्यात वडे घ्यायचे असतात.

मूळच माहीत नाही आणि तरी सुरुवातीची अक्षरं काहीतरी सांगतात, असाही प्रकार असतो. पोलाद कारखान्यातल्या मुलांनी ‘एस-एल’चं पान भरलं: स्लॅग, स्लरी, स्लज, स्लिप, स्लाइड, स्लश. काही चिखलाचे, काही घसरण्याचे. ‘एस-एन’चं पान शाळेतल्या मुलींनी भरलं: स्नीझ, स्निफ, स्नोअर, स्नॉर्ट, स्नाउट. शिंक, हुंगणं, घोरणं, फुरफुरणं, नाकाड. सगळा नाकाचा कारभार. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं १९३०मध्ये अशा जोडाक्षरांकडे लक्ष वेधलं आणि त्यांना नाव दिलं. त्याआधी तो लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. आपल्या भाषांतले खणखण, झगमग त्याच्या कानावर किती पडले असतील कोण जाणे. मुलींना मात्र ते लगेच सुचले. इंग्रजीत उजेडाला ‘जी-एल’: ग्लो, ग्लिटर, ग्लेअर. मराठीत ‘झ’: झगमग, झळाळी, झळकणं, झिलई. मग मागच्या बाकावरून “बाई, स्नेक?” असा प्रश्न आला. सापाला कुठलं नाक? स्नो, स्नॅकही आहेत. मी म्हटलं, हा नियम नाही, ही खोड आहे. भाषेलाही खोडी असतात.

पण एका पानावर खोडीनं भागत नाही, ते ‘आय-एन’चं. शाळेत आम्ही शिकवतो, ‘इन’ म्हणजे नाही. इनव्हिजिबल, अदृश्य. इनकम्प्लीट, अपूर्ण. मुलं ते घट्ट धरतात. आणि मग मुंबई-पुणे रस्त्यावरून टँकर जातात, त्यांच्या पाठीवर लिहिलेलं असतं: इन्फ्लेमेबल. शिकवलेलं इमानेइतबारे वापरणारा मुलगा याचा अर्थ काय लावेल? न जळणारं. इथला ‘इन’ नकाराचा नाही. तो पेटवणे या अर्थाच्या ‘इन्फ्लेम’मधला, आत ज्वाळा घालणारा. म्हणूनच विसाव्या शतकात सुरक्षेचं काम पाहणाऱ्यांनी ‘इन’ गाळून नुसतं फ्लेमेबल लिहायचा आग्रह धरला. अर्थ दोन्हींचा एकच: पेटणारं. न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल म्हणतात. रसायनी, खोपोली, सावरोली या पट्ट्यात ज्याला काम करायचं आहे त्याला हा एक शब्द आला नाही, तर बाकीची वही आली काय नि न आली काय. हे पान मी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून घेतलं होतं आणि नवीन मुलगा आला की पहिल्या रविवारी तेच. इनव्हॅल्युएबल त्याच पानावर होता; तिथे ‘इन’ नकाराचाच, पण अर्थ किंमत नसलेलं असा नाही, तर किंमतच करता येत नाही असा. आपला अमूल्य. तो शिकवायला सोपा, आणि चुकला तर कुणी भाजत नाही.

तो न्यूमॅटिकवाला फिटर आता सुपरवायझर आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला. त्याच्याकडे नवीन आलेल्या मुलांसाठी त्यानं स्वतःची वही काढली आहे आणि आमची मांडणी त्यानं उलटी केली आहे: सुरुवातीची अक्षरं वेगळी, कानाला सुरुवात एकच. “सायक्रोमीटर पी-एसमध्ये, धूळ काढायचा सायक्लोन सीमध्ये, सिमेंटचा सायलो एसमध्ये,” त्यानं वाचून दाखवलं. “आणखी आहे का ‘साय’वालं?” कर्जतला नर्सरी चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी आंब्याच्या कलमाला लावायच्या काडीला सायन म्हणतो, ते मला आठवलं. तो एस-सीमध्ये, मी सांगितलं.

“सायन? स्टेशन ना? ते तर एस-आयमध्ये.”

“ते शीव. इंग्रजीत सायन. हा वेगळा.”

“थांबा, पेन घेतो,” तो म्हणाला.